ओळ उजवीकडे उतरतेय

त्या हॉस्पिटलच्या भिंतींवर जे काही लिहिलेलं आहे, ते सगळं एकाच माणसाच्या हातचं. 'शांतता राखा', 'येथे थुंकू नये', 'तक्रारपेटी', आणि तक्रारपेटीच्या खाली 'पेटीत कचरा टाकू नये'. या माणसाला सगळे बोर्डकाका म्हणतात. साठी उलटलेली, बोटांच्या पेरांत निळा रंग कायमचा मुरलेला, आणि मान उजवीकडे कलती. पस्तीस वर्षं शिडीवर उभं राहून अक्षरं काढली की मानेला तेच वळण लागतं. छापील फ्लेक्स आले तरी हॉस्पिटलनं काकांना सोडलं नाही. फ्लेक्स फिनेलनं पुसला की दोन महिन्यांत सुरकुततो, काकांचा बोर्ड घासला की उलट चकाकतो.

अक्षर देखणं. खोट एकच, आणि ती घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. काकांची ओळ उजवीकडे उतरायची. ते सरळ म्हणून जे लिहीत, ते शेवटच्या शब्दापर्यंत दोन बोटं खाली आलेलं असायचं. खडू लावलेली दोरी ताणून आधी सरळ रेघ मारून घेतली असती तर प्रश्न मिटला असता, पण दोरी शिकाऊ माणसानं मारायची, असं त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं आणि उस्ताद वारल्यामुळे ते मत बदलून घेणं शक्य नव्हतं.

म्हणून पुढच्या खोलीत काम चालू असताना काकू दहा पावलांवर स्टूल टाकून बसायच्या. भाजी निवडता निवडता मध्येच मान वर.

"अहो, उतरतेय."

"कुठून?"

"'मनाई'पासून."

"डोळे तपासून घे."

"डोळे ठीक आहेत. कान गेलेत. तुम्ही बोलताय ते नीट ऐकू येत नाहीये, तेव्हा पुसा मुकाट्यानं."

कान खरंच गेले होते. आठ वर्षांपासून मशीन होतं, शेंगदाण्याएवढं, ते घातलं की काकूंना सगळं ऐकू यायचं, काढलं की ढगफुटीही नाही. पण डोळा असा की काका त्यांना 'ओळंबा' म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. काकूंना हे नाव आवडायचं नाही, कारण त्यात वजनाचा उल्लेख येतो.

एका सकाळी ओळंबाच पडला. 'आपत्कालीन विभाग' हा मोठा बोर्ड नीट दिसावा म्हणून काकू स्टुलावर मागे रेलल्या, आणि स्टूल त्यांच्याहून जास्त रेललं. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स आली, काकू तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या हाडांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर गेल्या. मशीन मात्र बेसिनच्या फळीवर राहिलं. डोकं धुताना काढून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन. काकांना वाटलं, काकूंबद्दल असेल. पण फोन प्रशासक साहेबांचा होता.

"बोर्डकाका, तातडीचं काम. साथ वाढलीय, वरून आदेश आलेत. मजकूर लिहून घ्या. नातेवाइकांना भेटीस सक्त मनाई आहे."

"साहेब, माझी बायकोच कालपासून—"

"लाल रंगात. आणि संध्याकाळच्या आत."

साहेबांनी फोन ठेवला. पस्तीस वर्षांत काकांनी मजकुरावर कधी मत दिलं नव्हतं, आता काय देणार? लाल रंगात लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीनं मागे वळून पाहिलं, तर स्टूल भिंतीला टेकवून ठेवलेलं.

बोर्ड घेऊन ते फाटकावर गेले. वॉचमननं तो कौतुकानं हातात घेतला, खिळ्याला अडकवला, दोन पावलं मागे होऊन पाहिला आणि मग काकांकडे वळला.

"काका, मागं व्हा."

"अरे, मला वर जायचंय. तिचं मशीन द्यायचंय."

"बोर्ड वाचला नाही का?"

"मीच लिहिलाय."

"मग तुमचा तर पाठच असेल."

माणूस वाईट नव्हता. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हाच काकांना 'चहा घेऊन जा' म्हणायचा. पण आता त्याला शिट्टी, तापमान मोजायचं पिस्तूल आणि जमिनीवर आखलेली पिवळी रेघ मिळाली होती. एवढं हातात आल्यावर चहा आठवत नाही. ती रेघही काकांनीच आखली होती.

बाजूच्या खिडकीत एक बाई नातेवाइकांच्या वस्तूंसाठी बसवलेली. काकांनी डबी पुढे सरकवली.

"औषध आहे का?"

"नाही. ऐकायचं मशीन आहे."

"खायचं आहे का?"

"मशीन कोण खाईल, ताई?"

"म्हणजे वस्तू. वस्तू बंद आहेत."

"मग तुम्ही कशाला बसलाय इथं?"

"वस्तू बंद आहेत हे सांगायला."

"अहो, वस्तू कसली, कान आहे तिचा तो."

"कान पेशंटबरोबर यायला हवा होता," बाई म्हणाल्या. "भरती करतानाच."

काकांनी डबी परत खिशात ठेवली आणि दिवसातून दहादा ती आहे का ते चाचपायला लागले.

भेटीऐवजी हॉस्पिटलनं सोय केली होती. रोज दुपारी वॉर्डातली सिस्टर फोन करायची, दोन मिनिटं.

"काका, पेशंट स्थिर आहे. पण प्रतिसाद देत नाही."

"तिला ऐकू येत नाही हो."

"हो, तेच लिहिलंय. प्रतिसाद देत नाही."

"तुम्ही तोंडावर मास्क लावून विचारता. ओठ दिसले असते तरी तिनं ओळखलं असतं. कागदावर लिहून दाखवा ना."

"वॉर्डात कागद बंद केलेत, काका. कागदावरून पसरतं."

"मग तुम्ही लिहिता कशावर?"

"फाईलमध्ये."

दोन मिनिटं संपायची.

फाईल भरत चालली होती. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कुठला? काकू मास्ककडे बघत राहिल्या. लिहिलं, काळाचं भान नाही. विचारलं, आपण कुठे आहात? काकूंना वाटलं, दुखतंय का विचारतायत. म्हणाल्या, "डाव्या खुब्यात." लिहिलं, स्थळाचं भान नाही. काकूंनी सांगून पाहिलं, मशीन घरी राहिलं. लिहिलं, असंबद्ध बोलते. अशा पेशंटला भूल द्यायची की नाही यावर वरिष्ठांचं मत हवं होतं, आणि मत येईपर्यंत ऑपरेशन थांबलं होतं. मोडलेला खुबा तसाच, वजनं बांधून लटकवलेला पाय तसाच.

"कानाच्या डॉक्टरांना दाखवा की," काका म्हणाले.

"कान-नाक-घसा विभाग बंद आहे. ते सगळे तापाच्या वॉर्डात लावलेत."

"मग चालू काय आहे?"

"मेंदू," सिस्टर म्हणाली.

इकडे बोर्डांचं काम मात्र जोरात होतं. नियम रोज बदलायचे. सोमवारी 'जिना फक्त चढण्यासाठी', बुधवारी 'जिना फक्त उतरण्यासाठी', त्यामुळे सोमवारी चढलेले लोक बुधवारपर्यंत वर अडकले अशी वॉर्डबॉय मामांची तक्रार. काकांनी घरून रंगवायचं, फाटकावर मामांनी ताब्यात घ्यायचं, फवारा मारायचा आणि वर नेऊन ठोकायचं. काका रेघेच्या अलीकडे उभे राहून आपले बोर्ड आत जाताना बघायचे. पत्र्याला परवानगी होती.

आठव्या दिवशी बायकांच्या हाडांच्या वॉर्डासाठी मोठा बोर्ड निघाला. निळ्यावर पांढरी अक्षरं, पाच ओळी. मामांनी तो नेमका अकरा नंबरच्या समोरच्या भिंतीवर स्क्रूनं पक्का केला. काकूंनी चष्मा लावला आणि वाचला. त्यातून त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, नवरा का येत नाही. दोन, त्याच्यामागे स्टुलावर कुणीच बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरचा आवाज जरा हळू होता.

"काका, तुम्ही घाबरू नका. काकू आपणहून बोलायला लागल्यात."

"अगं मग चांगलंय ना."

"नाही, म्हणजे एकच वाक्य. काल सकाळपासून जो जाईल त्याला भिंतीकडे बोट दाखवून सांगतात, उतरतेय. उजवीकडे उतरतेय. त्यांना भिंत वाकडी दिसतेय, काका. मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन लिहिलाय."

काका खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं, आणि ते फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी रुमाल तोंडाशी धरला.

"सिस्टर, ती कुठली ओळ म्हणतेय?"

"म्हणजे?"

"समोर निळा बोर्ड असेल. खालून दुसरी ओळ ना? सगळ्यांत लांब तीच, लांब ओळ जास्त उतरते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिचा मेंदू ठणठणीत आहे. माझी ओळ वाकडी आहे. खात्री करायची असेल तर सलाईनची अर्धी बाटली त्या ओळीला लावून आडवी धरा. पाणी खोटं बोलत नाही."

सिस्टरनं बाटली धरली नाही, पण फाईल लिहून कंटाळलेल्या एका तरुण डॉक्टरनं धरली. पाणी एकीकडे, ओळ एकीकडे. दोन बोटांचा फरक. त्यानं मागे वळून काकूंकडे पाहिलं, तर काकू मान हलवत होत्या, पोरगा उशिरा का होईना शिकतोय अशा थाटात. डॉक्टरनं फाईलमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं, 'बोर्ड तिरका आहे. पेशंट बरोबर आहे.' स्कॅन मात्र रद्द झाला नाही. बोर्ड तिरका निघाल्यास स्कॅन कुणी रद्द करायचा, याचा नियम नव्हता.

पण फाईल वर गेली आणि प्रशासक साहेबांच्या हातात पडली. साहेबांनी पेशंटबद्दलचा भाग वाचला नाही. 'बोर्ड तिरका आहे' एवढं वाचून त्यांनी लगेच फोन उचलला, कारण शुक्रवारी पाहणी समिती यायची होती.

"बोर्डकाका, हे काय ऐकतोय मी?"

"चूक झाली, साहेब. पाठवून द्या, सरळ करून देतो."

"पाठवून कसा देऊ? आत गेलेली वस्तू चौदा दिवस बाहेर काढता येत नाही. तसा बोर्ड तुम्हीच लिहिलाय."

"मग काय करायचं?"

साहेबांनी विचार केला. "तुम्ही आत या."

"मनाई आहे, साहेब."

"ती नातेवाइकांना. तुम्ही कामाचे माणूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खिडकीशी गेले. बाईंनी पास पुढे केला. कामाचं स्वरूप, दुरुस्ती. वॉर्ड, तिसरा मजला. त्याखाली छापलेलं होतं, 'सदर वॉर्डात माझे कोणीही नातेवाईक भरती नाहीत.' पुढे सहीची जागा.

"ताई, माझी बायको आहे तिथं. तुम्हाला माहितेय."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "मला वस्तूंचं माहितेय. माणसांची खिडकी वेगळी आहे. नातेवाईक असाल तर पास नाही. कोण आहात ते ठरवा, मागे रांग आहे."

पस्तीस वर्षांच्या संसारावर काकांनी वळणदार अक्षरात सही केली. ओळ उजवीकडे उतरली.

फाटकावर वॉचमननं हत्यारांची पेटी उघडली. ब्रश, टर्पेंटाईन, फडकी, हात टेकायची काठी, आणि डबीत शेंगदाण्याएवढी वस्तू.

"हे काय?"

"ओळ सरळ आहे का ते कळायचं मशीन," काका म्हणाले.

"एवढंसं?"

"अर्धंच आहे. उरलेलं वर बसवलंय."

"हत्यारं चालतात," वॉचमन म्हणाला आणि त्यानं पिवळ्या रेघेवरून बाजूला होऊन वाट दिली.

वर त्यांना प्लास्टिकचा झगा, दोन मास्क, आणि डोळ्यांपुढे पारदर्शक पडदा चढवला. सिस्टरनं नियम सांगितला. पेशंटशी बोलायचं नाही. अकरा नंबरसमोरून एक पांढरं गाठोडं चालत गेलं. काकूंनी लक्ष दिलं नाही, अशी गाठोडी दिवसभर जायची. मग गाठोडं स्टुलावर चढलं, काठी बोर्डाला टेकवली, मान उजवीकडे कलती झाली.

"आलात का," काकू म्हणाल्या. ऐकू येत नसल्यामुळे त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. "शर्टाला इस्त्री नसेलच आत."

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. सही केली होती. त्यांनी डबी सिस्टरच्या हातात दिली.

"हे अकरा नंबरला द्या. लेव्हलचं मशीन आहे. त्यांच्याशिवाय चालत नाही."

सिस्टरनं डबी उघडली. फोनवरचा आवाज आणि हा आवाज एकच, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही. तिनं मशीन स्पिरिटनं पुसलं आणि काकूंच्या कानात बसवलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. मग सिस्टरला म्हणाल्या, "हे कोण सारखं टुंई टुंई करतंय?"

"तो मॉनिटर आहे, काकू."

"बरं. आज गुरुवार ना? आणि माझं ऑपरेशन कधी करताय? तुमचे डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात."

सिस्टर तरुण डॉक्टरला हाका मारत बाहेर धावली.

काकांना पेशंटशी बोलायचं नव्हतं. पण लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायला कुठल्याच बोर्डावर मनाई नव्हती, आणि असती तर त्यांना माहीत असती. त्यांनी भिंतीकडे तोंड करून वाचायला सुरुवात केली.

"नातेवाइकांना भेटीस सक्त मनाई आहे."

"कळलं," मागून आवाज.

"बाहेरील वस्तू आणू नयेत."

"जेवलात का वेळेवर?"

"रुग्णांनी काळजी करू नये."

"असं कुठं लिहिलंय?"

तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. काकांनी फडकं टर्पेंटाईनमध्ये बुडवलं आणि खालून दुसरी ओळ पुसली. पुन्हा लिहिताना मागून हुकूम येत राहिले. वर घ्या. अजून. आता जरा खाली. थांबा. दुपारपर्यंत ओळ अशी बसली की समितीनं काय, खुद्द उस्तादांनी बाटली लावली असती. दरम्यान डॉक्टर येऊन गेला, वार विचारून गेला, शनिवारी ऑपरेशन असं सांगून गेला.

सिस्टर पास घेऊन आली. "काका, सही करू ना? काम पूर्ण?"

काका स्टुलावरून उतरले. खाटेकडे न बघता ब्रश पुसू लागले.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "वरची पहिली ओळ बघितलीत का? तीही उतरतेय."

काकांनी वर पाहिलं. पहिली ओळ दोरीसारखी सरळ होती. चुकून साधलेली, पण सरळ. त्यांनी मान कलती करून ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ओळंब्यानं आजवर एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

"उतरतेय खरी," काका म्हणाले. "आजचा रंग वाळल्याशिवाय मात्र हात लावता येणार नाही."

सिस्टरनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि पासवर 'काम पूर्ण'वर काट मारून उद्याची तारीख टाकली.