पाटीची खालची ओळ

चौकातल्या चार मजली इमारतीवर एका डॉक्टरचं तोंड लावलेलं पाहून पेंटर भर रस्त्यात थबकला. तोंड तरी केवढं! एकेक दात खिडकीएवढा. खाली लिहिलं होतं, 'गुडघेदुखी जाणारच. खात्री आमची.' मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, मग शिवी दिली, तरी पेंटरचे पाय हलेनात.

चाळीस वर्षं तो पाट्या रंगवत होता. बाकी गिऱ्हाईक कसंही असो, डॉक्टर म्हटला की नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि वेळ. त्यापुढे एक टिंब नाही. तसा त्यांचा नियमच होता, आणि नियम मोडला तर डॉक्टरांच्या मंडळाच्या यादीतून नाव उडतं, रोग्याला हातही लावता येत नाही, असं तो ऐकून होता. मग हा दातवाला मोकळा कसा?

दुकानात येऊन त्याने डबा उघडला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पाहतो तर दारात डॉक्टरीणबाई उभ्या. थोरल्या डॉक्टरांची मुलगी. पेंटरच्या कपाळाला आठी पडली. थोरल्या डॉक्टरांबद्दल त्याच्या घरात तीस वर्षं कुणी चांगला शब्द काढला नव्हता.

त्याला कारणही तसंच होतं. एके काळी पेंटर त्या माणसाच्या पाया पडायचा बाकी होता. बायकोचं बाळंतपण अडलं, दोघींपैकी एकच वाचेल असं सगळे म्हणत होते, आणि डॉक्टरांनी दोघींना वाचवलं. पुढे दीड वर्षाने त्याच पोरीला ताप चढला. पेंटर तिला खांद्यावर टाकून धावत गेला. डॉक्टरांनी दार वीतभर उघडलं आणि म्हणाले, "मला हात लावता येत नाही. सरकारी दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता." दार बंद झालं. सरकारी दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोचून नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस गेला. पोर वाचली, पण डाव्या कानाने कायमची बहिरी झाली.

डॉक्टरांचं नाव सहा महिने यादीतून काढलंय, हे त्याला नंतर कळलं. काहीतरी भानगड केली असणार, उगाच कोण काढतं? असं तो म्हणाला आणि गावभर म्हणत राहिला. उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढे दवाखाना पुन्हा उघडला, तर त्याच्या हातच्या पाटीऐवजी दाराला नुसता पुठ्ठा. हा अपमान तर त्याच्या फारच जिव्हारी लागला. डॉक्टर गेले तेव्हा अंत्ययात्रा दुकानासमोरून गेली. पेंटरने मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंना बाबांचा जुना दवाखाना पुन्हा सुरू करायचा होता. पाटी त्यांना हाताने रंगवलेली हवी होती. पेंटरने काम नाकारायला तोंड उघडलं, पण सकाळपासून डोक्यात भणभणत होतं तेच बाहेर पडलं. त्याने चौकातल्या दातवाल्याचं विचारलं.

त्या हसल्या. नियम बदललेत म्हणाल्या. बाबांच्या वेळी रोग्याला न विचारता पोट फाडलं तर चालायचं, पण पाटीवर चार शब्द जास्त चालायचे नाहीत. आता विचारल्याशिवाय सुईसुद्धा टोचता येत नाही, आणि पाटीवर मात्र बरंच काही खपून जातं. "बाबा पंचवीस वर्षं उशिरा जन्मले असते तर त्यांना कुणी जाबही विचारला नसता," त्या म्हणाल्या आणि जुन्या पाटीचा मजकूर बघायला म्हणून त्यांनी पिशवीतून फाईल काढली.

पहिल्याच पानाला फोटो टाचलेला होता. काळा पत्रा, पांढरी अक्षरं. पेंटरने आपलं अक्षर ओळखलं. नाव, पदवी, क्रमांक, वेळ, आणि सगळ्यांत खाली एक ओळ: 'येथे हमखास गुण येतो.'

ती ओळ डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती. पाटीच्या तळाशी चार बोटं जागा उरली होती. मोकळी जागा पेंटरच्या डोळ्याला खुपते, आणि घरात बायको-पोर जिवंत होती. डॉक्टरांच्या पाटीचा नियम तेव्हा अजून त्याच्या कानावर आला नव्हता, आणि डॉक्टर चार दिवस परगावी होते. त्याने मनानेच ओळ लिहिली, पाटी टांगली आणि खूश होऊन घरी गेला. डॉक्टर परतायच्या आत कुणीतरी फोटो काढून तक्रार धाडली होती.

फोटोमागे दोन पत्रं होती. पहिल्यात डॉक्टरांच्या मंडळाने विचारलं होतं की ओळ रंगाऱ्याने परस्पर लिहिली असेल तर त्याचा तसा जबाब पाठवा, प्रकरण मिटेल. दुसरं पत्र डॉक्टरांचं, एका वाक्याचं. 'सदर ओळ माझ्या सांगण्यावरून लिहिली गेली.'

पेंटरने ते वाक्य तीनदा वाचलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती खरंच सरकते. त्याने स्टूल धरलं.

"खोटं का लिहिलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"तेव्हा तुम्हाला सरकारी दवाखान्याच्या सगळ्या पाट्यांचं काम मिळत होतं ना, काका? जबाब दिला असतात तर तुमचं नाव मंडळात गेलं असतं. मग कुणी दिलं असतं काम?" त्या म्हणाल्या. मग फाईल त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुम्हाला हे ठाऊक असेल असं मला वाटत होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तीस वर्षं गावभर सांगत हिंडला होता की संन्यासी लबाड. तीस वर्षं त्याचं घर चाललं ते त्या सरकारी दवाखान्याच्या पाट्यांनी जमवून दिलेल्या नावावर. त्याला स्वतःची किळस आली. आता ती ओळ कुणीही लिहावी, त्यापुढे दात काढून हसावं. नियम बदलले म्हणून सहा महिने परत येत नव्हते, आणि पोरीचा कानही.

काम घेतो म्हणाला. पत्र्यावर दोरीने खडूची रेघ मारली. नाव, पदवी, क्रमांक, वेळ. खाली चार बोटं जागा उरली. ती त्याने तशीच ठेवली.

घरी लेक भाजी चिरत बसली होती. त्या बंद दाराची गोष्ट तिने लहानपणापासून बापाच्याच तोंडून ऐकलेली. पेंटर तिच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी जाऊन बसला.

"त्या दिवशी दार डॉक्टरांनी लावलं नव्हतं," तो म्हणाला. "आधीच मी लावून ठेवलं होतं."