मिस्त्रीबाईंचं टेबल

“माझं माप चुकत नाही, लाकूड फुगतं,” असं मिस्त्रीबाई जन्मभर म्हणत आल्या. बाईमाणूस रंधा चालवतं म्हणून नाकं मुरडणारेही दार अडलं की त्यांनाच हाक मारत.

वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या आणि नर्सबाई राहत. लोक त्यांना मावसबहिणी समजत; त्यांनीही कुणाचा समज खोडला नाही. मग शिंपीण आली. एका बस चालवणाऱ्या पोरीवर जीव जडला म्हणून घरच्यांनी तिला हाकललं होतं. पाठोपाठ बसवालीही आली. चौघींना एका पंगतीला बसता यावं म्हणून मिस्त्रीबाईंनी खोलीतच ऐसपैस टेबल बांधलं. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडात लाकूड बसवलेलं, सांधे सरसाने चिकटवलेले. हलवलं तरी कुरकुरणार नाही असं.

घरमालकिणीने मात्र फर्मान काढलं, “जागा मी कुटुंबाला दिली होती. खाली करा.” चौघींना एकत्र ठेवून घेणारं घर काही मिळेना. मिळाली ती दोन बिऱ्हाडं, शहराच्या दोन टोकांना.

सामान निघालं त्या सकाळी टेबल दारात अडलं. उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं.

“लाकूड फुगलं वाटतं?” नर्सबाई म्हणाल्या.

“तू गप गं!”

मिस्त्रीबाईंनी करवत टेबलाच्या पायाला लावली. शिंपिणीने तोंड फिरवलं. मिस्त्रीबाईंचा हात पुढे जाईना.

जिन्यातून मालकीण म्हणाली, “कापा की! दोन बहिणींना एवढं टेबल हवं कशाला?”

मिस्त्रीबाईंनी करवत खाली ठेवली. “बहिणी नाही आम्ही. ही माझी जन्माची जोडीदारीण. त्या दोघी एकमेकींच्या. आणि दोघीही आमच्या लेकी. कुटुंब आणखी कशाला म्हणतात, ते तुम्हीच सांगा.”

मालकिणीने टेबलावरून सावकाश हात फिरवला.

“मग इतकी वर्षं मूग गिळून बसलात कशाला? मला वाटलं, माझ्या घरात वसतिगृह काढलंत! आत घ्या ते सामान. आणि मिस्त्रीबाई, हत्यारं घेऊन खाली या. माझं कपाट लागत नाही. नोटीस दिलेल्या बाईला बोलवायचं कसं, म्हणून अडून होते.”

मालकीण पुढे, पिशवी खांद्याला लावून मिस्त्रीबाई मागे. कठड्यावर वाकून तिघी बघत होत्या. वळणावर मिस्त्रीबाईंनी बाहीने डोळे पुसले.

“आई रडतेय का?” बसवालीने विचारलं. आई हा शब्द तिने आजवर कधी काढला नव्हता.

“छे गं, भुसा गेला असेल,” नर्सबाई म्हणाल्या. मिस्त्रीबाई अंगण ओलांडून मालकिणीच्या दारात दिसेनाशा झाल्या, तरी नर्सबाई कठड्यापासून हलल्या नाहीत.