बद्द आवाज

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर वास आला की मिशिगनमधलं ते भंगार गाड्यांचं जंकयार्ड आठवतं. ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मी जुन्या मसल कारमध्ये मोठं इंजिन बसवायला त्याचा ब्लॉक, म्हणजे ओतीव लोखंडी सांगाडा, शोधत होतो. ताजा रंग दिलेला एक मला आवडला. बाबांनी त्यावर पान्याने टकटक केलं आणि म्हणाले, "बद्द वाजतोय रे. तो गंजका घे, खणखणीत आहे." यार्डवाला हसला. मी ओशाळून म्हणालो, "डॅड, प्लीज. माठ घेतोय का आपण?" रंगवलेलाच घेतला. गाडी सुरू होताच त्याच गोडसर वासाचा पांढरा धूर निघाला. रंगाखाली ब्लॉकला चीर होती, तिच्यातून कूलंट आत शिरून जळत होतं. बाबांनी माझ्यासोबत तो उतरवला. 'सांगितलं होतं,' असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. एकदा म्हणाले असते, तर मला सॉरी म्हणता आलं असतं.