कणकुंबीची गाडी

बायकांना सरकारी बस फुकट झाली, तशा आमच्या वडगावच्या गल्लीतल्या बायका कोपऱ्यावरच्या वाण्याला विसरल्या. आधारकार्ड दाखवायचं, कंडक्टरकडनं शून्याचं तिकीट घ्यायचं आणि जिथं स्वस्त तिथं जायचं. तांदूळ खानापुरात, गूळ निपाणीत, भाजी कुठल्या तरी खेड्याच्या आठवडी बाजारात. सगळ्यांच्या पुढं मी. घरात दोन माग, साड्यांना उठाव नाही. नवरा दिवसभर मागापाशी उभा राहून जे मिळवायचा ते वाढवणं माझ्या हातात नव्हतं, पण कमीत भागवणं होतं. आणि ते मला लई चांगलं जमायचं. खोटं कशाला बोलू, मिरवायची मी. कुणी नुसतं म्हणू दे की लसूण आणला, मी लगेच विचारायची, "कितीला? एवढ्याला? फसलीस की गं!"

बाजार उठायच्या वेळेला गेलं की भाव पडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नेमक्या त्याच वेळेला सगळ्या बायका परतीच्या बसवर तुटून पडतात. मुंगी शिरायला जागा नसते. त्यावर माझा उपाय म्हणजे माझी पोरगी. तिसरीत शिकणारी, अंगानं काटकुळी. गाडी फलाटाला नीट लागायच्या आत ती माणसांच्या काखेखालनं आत शिरायची आणि दोघींची जागा धरून बसायची. मी खिडकीतनं सामान आत द्यायची आणि राहिलेला सौदा करायला परत बाजारात पळायची. "आई आल्याबिगर उठायचं न्हाई, कोण काय बी म्हणू दे," असं मीच तिला शिकवलेलं. गुणी पोर. कधी उठली नाही.

त्या दिवशी खानापूरचा बाजार होता आणि शाळेला सुट्टी होती. नव्या तांदळाचं एक लहान पोतं घेतलं, पिशवीभर रताळी घेतली. लसणाचं काही जमेना. त्या वर्षी लसूण असा महागलेला की फोडणीत चार पाकळ्या टाकताना हात आखडायचा. एका म्हातारीशी मी तीनदा घासाघीस केली, ती हलायला तयार नाही. शेवटी नाद सोडला आणि आम्ही स्टँडवर आलो. साडेचार झाले असतील. बेळगावची गाडी जिथं लागते तिथं एक गाडी येऊन लागली आणि लोक धावले. पोरगीही धावली. मी मागच्या बाजूच्या खिडकीतनं पोतं आत ढकललं, मागोमाग पिशवी दिली, तिनं दोन्ही ओढून घेतलं. गाडीवरची कन्नड पाटी मला वाचता येते, न यायला काय झालं? पण मी पाटीकडं बघितलंच नाही. माझे डोळे रस्त्यापलीकडं होते. म्हातारी आपलं खाली पसरलेलं तळवट गुंडाळायला लागली होती.

"बस गं, आलेच," म्हणाले आणि पळाले.

म्हातारीला घरी जायची घाई झालेली. राहिलेला सगळा लसूण तिनं माझ्या भावात माझ्या पिशवीत ओतला. मी अशी हरखले की विचारू नका. पाच मिनिटं लागली, त्याहून जास्त नाही. परत आले तर फलाट मोकळा.

पहिल्यांदा मला रागच आला. मेल्या ड्रायव्हरला एवढी कसली घाई? पुढच्या गाडीनं जाऊ, पोरगी बेळगावच्या स्टँडवर थांबेल, शहाणी आहे, असं मनाशी म्हणत मी कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेले. "बेळगावची गाडी आत्ताच सुटली व्हय ओ?"

तो वहीत काहीतरी लिहीत होता. "बेळगाव अजून आलीच न्हाई, आक्का. वाटेत पंक्चर झालीय."

"मग आत्ता इथनं गेली ती?"

"ती कणकुंबी."

कणकुंबी म्हणजे बेळगावच्या रस्त्यावर सुद्धा नाही. जांबोटीच्या पुढं सगळं रान, पार गोव्याच्या हद्दीला टेकलेलं. मी जन्मात तिकडं गेले नव्हते. मी खिडकीचा गज धरला आणि ओरडले, "माझी पोरगी हाय त्या गाडीत! एकटी हाय! थांबवा की ओ ती गाडी!"

तो माणूस चांगला होता. लगेच पेन टाकून फोन घेतला. कंडक्टरचा फोन नुसता वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. गर्दीत तिकिटं काढत असेल, ऐकू येत नसेल, असं तो मला समजावत होता. तिकीट म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की तिचं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. तिच्याकडं कार्ड नाही, पैसा नाही, फोन नाही. कंडक्टर तापट निघाला आणि मधेच कुठं उतर म्हणाला तर? ती उतरेल. मोठ्या माणसांचं ऐकणारी पोर आहे ती. कुठल्या तरी फाट्यावर, आजूबाजूला घर नाही, दार नाही, अशा जागी ती एकटी उभी आहे, हे मला असं स्पष्ट दिसायला लागलं की मी डोळे मिटले तरी दिसायचं थांबेना.

पाऊण तास तो फोन लावत होता. मी पाणी सुद्धा प्याले नाही. मग एकदाचा लागला. गाडी जांबोटीत उभी होती. कंट्रोलरनं मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला आणि कन्नडमधनं सगळं सांगितलं. कंडक्टरनं तिकडं गाडीत मराठीतनं हाळी दिलेली मला इकडं ऐकू आली. "खानापुरात चढलेली एकटी पोरगी कोण हाय काय गं गाडीत? बिनआईची कोण हाय?" थोडा वेळ नुसता गलका. मग तो फोनवर म्हणाला, "यारू इल्ल री."

यारू इल्ल. कुणी नाही. कन्नड माणसांच्या शेजारात जन्म गेलेला माझा, तरी मी कंट्रोलरला विचारलं, "काय म्हणाला ओ?"

त्यानं सांगितलं. मी परत विचारलं. तेवढ्यात फोन कट झाला, आणि पुढं रान लागलं की रेंज नाही, असं कंट्रोलर म्हणाला.

म्हणजे ती गाडीत नव्हती. चढलेली मी डोळ्यांनी बघितली होती आणि आता ती गाडीत नव्हती. मधे उतरली? उतरवली? कुणी हात धरून उतरवून नेली? का गाडी सुटायच्या आधीच मला शोधायला खाली उतरली आणि इथंच कुठं आहे? मी वेड्यासारखी स्टँडभर पळाले. बायकांच्या संडासात बघितलं, रसाच्या गाड्यामागं बघितलं, ती म्हातारी बसली होती त्या जागेवर जाऊन बघितलं. तिथं लसणाची टरफलं उडत होती. मी पोरीच्या नावानं एवढ्यानं ओरडले की लोक दुकानातनं बाहेर आले.

नवऱ्याला फोन केला. मागाच्या खडखडाटात त्याला काही ऐकू जाईना. "काय? कोण?" मी तेच तेच ओरडत होते. मग मागचा खडखडाट थांबला. एक माग थांबला, मग दुसरा. तो म्हणाला, "तू कुठं होतीस?" माझ्या हातात लसणाची पिशवी होती. "मी खानापुरात येतो, स्टँडवर बघतो," एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

कंट्रोलरनं पोलिसांना कळवलं आणि एका वडापवाल्याला, जीपमधनं भाड्यानं माणसं नेणाऱ्याला, हाक मारून दिली. मी जीपमध्ये बसले. किती घेणार ते विचारलं नाही. गाव सुटल्यावर प्रत्येक फाट्यावर त्याला थांबवायला लावलं. "लाल स्वेटरातली पोरगी उतरली काय हो इथं? एवढी उंच, दोन वेण्या?" कुणी न्हाई म्हणायचं, कुणी मान हलवायचं. एका ठिकाणी एक बाई म्हणाली, "एक पोर उतरलती की मघाशी," आणि माझं काळीज असं उसळलं, पण ती तिच्या आजीबरोबर उतरलेली कुणाची तरी मुलगी निघाली. पुलावरनं जाताना मी नदीकडं बघितलं नाही. बघवेना. पोरं पळवणाऱ्यांचे मोबाइलवर आलेले सगळे व्हिडिओ, जे मी थापा म्हणून हसून पुसून टाकले होते, ते सगळे मला त्या रस्त्यावर खरे वाटले.

देवाशी सुद्धा मी सौदा केला. आधी एक नारळ बोलले. थोड्या वेळानं पाच. मग अभिषेक. मग माझी नथ. जन्मभर भाव पाडणारी बाई मी, आणि माझा मीच भाव वाढवत होते, समोरनं काहीच उत्तर येत नव्हतं.

जांबोटीत चहाच्या टपरीवर विचारलं. गाडी थांबून गेली, बरीच माणसं उतरली, एकटी पोरगी कुणी नव्हती. वडापवाला बिचारा मला धीर द्यायला म्हणाला, "आक्का, शेवटपर्यंत जाऊन तर येऊ या. निदान तुमचं सामान तरी मिळंल."

"आग लागू दे त्या सामानाला!" मी अशी किंचाळले की त्यानं दचकून ब्रेक दाबला. मग मला रडू फुटलं. आतापर्यंत भीतीनं रडता सुद्धा आलं नव्हतं.

जांबोटीच्या पुढं दोन्हीकडची झाडं रस्त्यावर वाकलेली. उजेड संपत आला होता, जीपचे दिवे लावले. ह्या अंधारात तिला कुठं शोधायचं? आणि नाही सापडली तर घरी जाऊन चूल कशी पेटवायची, जेवायचं कसं, तिची शाळेची बॅग खुंटीवर दिसेल तिचं काय करायचं? असले विचार मी केले. सापडायच्या आधीच मी तिच्याशिवायच्या घरात जाऊन आले. त्याची मला आजही लाज वाटते.

कणकुंबीत रस्त्याकडेला गाडी उभी होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर खाली चहा पीत होते. मला पळत येताना बघूनच कंडक्टरला कळलं. "आक्का, मी खरंच विचारलो की गाडीत. कुणी न्हाई बोललं."

मी त्याला बाजूला सारून वर चढले. आत अंधार. ड्रायव्हरनं मागनं येऊन दिवा लावला. सगळ्या सीटा रिकाम्या. मागच्या दारापासनं तिसऱ्या सीटवर माझी रताळ्याची पिशवी तशीच ठेवलेली. पोतं खाली, पाय ठेवायच्या जागी, उभं. मी हाक मारली. ओ आली नाही. परत मारली. मग पोतं जरासं हललं.

मी ते ओढून बाजूला टाकलं. ती सीटखाली होती. गुडघे पोटाशी घेऊन, पोत्याच्या आड, केसात सगळी धूळ. परकर भिजलेला. डोळे टक्क उघडे. ते माझ्याकडं नाही, माझ्या मागं उभ्या असलेल्या कंडक्टरकडं बघत होते.

मी तिला ओढून बाहेर काढलं, छातीशी धरलं, तिची हाडं मोजावीत तशी सगळीकडनं चाचपली. "कंडक्टर मामांनी हाक मारलेली ऐकू आली न्हाई तुला?"

"आली."

"मग ओ का दिली न्हाईस गं?"

ती माझ्या कानाशी आली, कंडक्टरला ऐकू जाऊ नये म्हणून. "माझ्याकडं कार्ड न्हवतं. पहिल्यांदा विचारलं तवा मी म्हटलं, आई मागं उभारलीय, तिच्याकडं हाय. मग जांबोटी म्हणून गाव आलं, लई माणसं उतरली. मला वाटलं आता परत विचारणार, तिकिटाचं पैसं मागणार. म्हणून खाली गेले." जरा थांबून म्हणाली, "गाडी पुलावरनं वळली तवाच मला कळलं, बेळगावला जात न्हाई म्हणून. पण तीच गाडी परत खानापूरला येणार की. तवर गप बसलं तर पैसं पडणार न्हाईत."

"अगं, पडले असते तर पडले असते!"

"मागं कार्ड घरात इसरल्यालं, माझं तिकीट काढाय लागलं, तवा मारलीस की मला. स्टँडवर. सगळ्यांच्या म्होरं."

मला ते आठवतही नव्हतं. खरंच नव्हतं. तिनं सांगितल्यावर आठवलं, एक धपाटा, त्यात काय, असं म्हणून मी तेव्हा विसरून गेलेले. खानापूरपासनं इथपर्यंत मी नदीला भ्याले, रानाला भ्याले, न बघितलेल्या माणसांना भ्याले. आणि माझी पोर त्या काळोख्या सीटखाली दीड तास कुणाला भिऊन मुतली, तर मला.

कंडक्टर मान फिरवून खाली उतरला. तिच्या केसातली धूळ झाडावी म्हणून मी हात वर केला. तिनं डोळे गच्च मिटले आणि कोपर डोक्यावर धरलं.