ऐरणीची सपाट बाजू

लातुरात क्लासच्या पोरांना रहमतबीची खानावळ म्हटलं की आधी तिचं वरण आठवायचं आणि मग तिची बोलणी. बोलणी कशावरून, तर ऐरणीवरून. दारातच ओट्यावर एक काळा, बेढब लोखंडी गोळा मांडलेला असायचा. डबा घ्यायला आलेलं एखादं नवं पोरगं, डॉक्टर व्हायला गावाकडून आलेलं, दमून त्याच्यावर टेकायचं आणि आतून बाई पळी घेऊनच बाहेर यायची. ती बसायची जागा हाय का, असं म्हणत अशी काही खडसवायची की बिचारं तीनताड उडायचं. पण खरं सांगायचं तर तिचंही बरोबर होतं. लोहाराच्या घरात ऐरणीला पाय लागू देत नाहीत, रिकाम्या ऐरणीवर घण मारत नाहीत, आणि रहमतबीच्या सासरी दर शुक्रवारी तिच्यावर तेलाचा हात फिरवायची रीत होती. भट्टी विझून कैक वर्षं झाली, तरी बाईचा शुक्रवार काही चुकला नव्हता.

ही ऐरण बाजारातली नव्हे. तिच्या सासऱ्याचं दुकान तेव्हा हदगावला होतं. तिथल्या लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याचा नांगर कापसाच्या रानात कशाला तरी थटला आणि फाळ मोडला. उकरून बघतो तर गोळा, दोघांनी मिळून उचलावा इतका जड. मोडका फाळ आणि तो गोळा, दोन्ही बैलगाडीत घालून तो लोहाराकडं आला. सासऱ्यानं हातोडी मारून पाहिली आणि निकाल दिला की हा दगड न्हाई, लोखंड हाय. फाळ त्यानं जोडून दिला आणि गोळा ठेवून घेतला. पुढं बिऱ्हाड रेणापूरला हललं तेव्हा निम्मी भांडीकुंडी मागं राहिली, गोळा मात्र सोबत आला.

रहमतबी लग्न होऊन आली ती थेट घणावर. नवरा जिलानी सांडशीत लाल लोखंड धरायचा, छोट्या हातोडीनं जागा दाखवायचा आणि त्या जागेवर हिनं घण घालायचा. तोंडानं बोलायचं कामच नाही. हातोडी लोखंडावर पडली की मार, ऐरणीच्या कडेवर दोनदा टकटक वाजली की थांब. नव्या नवरीला नवऱ्याचा स्वभाव कळायच्या आधी त्याची हातोडी कळली म्हणा ना.

पण ऐरणीची पाठ होती खडबडीत. लोखंड तिच्यावर डुगडुगायचं, घण निसटायचा आणि झटका बसायचा हिच्या मनगटाला. नवी सून कुणाला सांगणार? एका सकाळी ती डाव्या हातानं भाकरी थापते आहे, हे जिलानीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ऐरण पालथी करून तोंड निखाऱ्यात खुपसलं, दुसरी बाजू तापू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलं आणि दिवसभर भाता ओढत बसला. बाप तर नुसता भडकला. चांगली ऐरण कुणी भट्टीत घालतं का, तडकली तर खाशील काय? त्यात गंधकाचा असा घाण वास सुटला की म्हाताऱ्यानं तोंडातल्या तोंडात दुआच सुरू केली. जिलानीनं ऐकलं असेल तर शपथ! त्या दिवशी त्यानं बायकोला घणाला हात लावू दिला नाही. एकट्यानंच ठोकून ठोकून, संध्याकाळपर्यंत ऐरणीचं तोंड पोळपाटासारखं सपाट केलं. रहमतबी चुलीपुढं बसून रडली. आपल्या मनगटासाठी कुणी एवढा खटाटोप करील, असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा तीच ऐरण टेम्पोत घालून दोघं किल्लारीच्या बाजूला गेली. दगडांचे ढीग उपसून उपसून लोकांच्या पहारी वाकत होत्या, टिकाव बोथट होत होते. गावाबाहेर बाभळीखाली भट्टी मांडून दोघं ते सरळ करून देत बसली. एका म्हाताऱ्यानं वाकलेली पहार आणली, सरळ करून घेतली आणि पळतच गेला. थोड्या वेळानं तीच पहार घेऊन परत आला, गुमान बाजूला टेकला आणि पहार मांडीवर घेऊन बसून राहिला. रहमतबी घण घालता घालता त्याच्याकडंच बघत होती. जिलानीनं टकटक केली. रहमतबीला ती ऐकूच गेली नाही. डोळ्यांतून धारा, आणि हात चालूच. शेवटी रिकाम्या ऐरणीवर पडणारा घण जिलानीनं दांड्याला धरून थांबवला आणि तिला पाणी पाजलं.

पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले, तयार अवजारं आली, आणि जिलानीला खोकल्यानं नेलं. मुलगा सद्दाम लातूरला ऑटो चालवायला लागला. पाठोपाठ बाई आली आणि गल्लीगल्लीत क्लास निघाले तसे तिचे डबे सुरू झाले. भंगारवाल्यानं ऐरणीकडं एकदाच बोट दाखवलं. पुन्हा तो त्या गल्लीत दिसला नाही.

सद्दामची पोरगी बुशरा ज्या क्लासला जायची, तिथं आनंदराज सर रसायनशास्त्र शिकवायचे, मूळचे हदगावचे. एकदा लोखंड-निकेल शिकवता शिकवता त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. रानात गोळ्यानं फाळ मोडला, तो गोळा लोहारानं घेतला, आता कुठं असेल कोण जाणे. बुशरा म्हणाली, सर, तो आमच्या दारात आहे. त्याच संध्याकाळी सर ओट्यावर हजर. लिंबाजीचा नातू म्हटल्यावर बाईनं आधी जेवू घातलं.

सरांनी ऐरणीची खालची बाजू थोडी घासली, चकचकीत केली आणि तिच्यावर जपून तेजाब सोडलं. बघता बघता त्या लोखंडात रेघा उमटल्या, पट्टी लावून आखाव्यात अशा सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या. सर खालीच बसले. मग लहान लेकराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं की हे जमिनीतलं लोखंड नव्हे, आभाळातून पडलेलं आहे. एका रेघेत निकेल कमी, शेजारच्या रेघेत जास्त. दहा लाख वर्षांत थोडेसेच अंश, इतक्या सावकाश ते निवत गेलं म्हणून अशा रेघा पडल्या. नांदेडहून तपासणी होऊन आली: नव्वद भाग लोखंड, आठेक भाग निकेल, चिमूटभर कोबाल्ट. मधूनमधून पितळी ठिपके होते, ते गंधक मिसळलेल्या लोखंडाचे. म्हाताऱ्याला दुआ म्हणायला लावणारा वास तो हाच, हे बाईनं मनातल्या मनात ओळखलं.

वरच्या सपाट बाजूवरही सरांनी तेजाब सोडलं. तिथं काहीच उमटलं नाही.

"चाची, कुणीतरी ही बाजू तापवलीय," सर हळहळले. "एवढ्या वर्षांचं लिहिलेलं एका दिवसात पुसून टाकलं. कोण अडाणी होता कोण जाणे."

सद्दामनं मान खाली घातली. रहमतबी वरण हलवायला म्हणून आत गेली.

सरांना गोळा हवा होता, स्वतःसाठी नव्हे, नांदेडच्या एका कॉलेजातल्या संग्रहालयासाठी. सद्दाम म्हणाला, देऊन टाक अम्मी, पोरं बघतील, आपलं नाव होईल. पोरांनी बघावं असं तिलाही वाटत होतं. पण ऐरण गेली की जिलानी घरातून गेला. आणि तिथं काचेत ठेवल्यावर लोक म्हणणार काय, तर कुणा अडाण्यानं नासवली!

शुक्रवारी तेलाचा हात फिरवता फिरवता तिचं ठरलं. सरांना निरोप गेला.

"कापता येती का ही?" तिनं विचारलं.

येते, सर म्हणाले, पाणी सोडत सावकाश कापली, तापू दिली नाही, तर रेघा राहतात.

"मग रेघांची बाजू तुम्ही न्या. वरची मला ठेवा."

"चाची, त्या बाजूला काहीच उरलं न्हाई."

"लेकरा," ती म्हणाली, "माझं मनगट दुखायचं. ते बरं वाटावं म्हणून माझ्या मालकानं ती बाजू भाजली. तुमचं आभाळानं लिहिलेलं हाय. माझं त्यांनी लिहिलेलं हाय, ते तेजाबात दिसत न्हाई."

सरांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. अडाणी शब्दाबद्दल माफी मागायची होती, ती तशीच राहून गेली.

ऐरण नांदेडला गेली आणि निम्मी होऊन परत आली. सद्दामनं तिला ओट्यावर पहिल्या जागी ठेवलं. दुपारचे डबे गेल्यावर रहमतबीनं फळीवरून जिलानीची छोटी हातोडी काढली आणि ऐरणीच्या कडेवर हलकेच दोनदा वाजवली. आवाज जरा बारीक झाला होता, पण होता तोच. तिनं हातोडी खाली ठेवली, उजवं मनगट मांडीवर घेतलं आणि किल्लारीला ऐकू गेली नव्हती, पण या खेपेला ती पहिल्याच टकटकीला थांबली.