कामिनीची म्हैस

झाडांनी ज्याला घाबरावं असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे आणि तो माझा मेहुणा आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत त्याने तीस वर्षं लाकडी साचे केले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा मुद्दाम थोडा मोठा ठेवायचा, हे त्याच्या हातात मुरलेलं. निवृत्त झाल्यावर तो बारमाही हिरवी झुडपं कापून त्यांचे हत्ती-घोडे करू लागला. गडमुडशिंगीच्या नर्सरीत एकेका रोपासमोर तो अर्धा अर्धा तास उकिडवा बसे. उंच, देखणं रोप त्याला चालत नसे. "डोस्कं काय, कापायचंच हाय की. बुडात दाट पायजे," असं तो नर्सरीवाल्यालाच शिकवायचा. मोरपंखी आतून वाळते म्हणून बाद. कामिनीची पानं बारीक, कात्री लागली की दुप्पट फुटते, म्हणून ती पसंत. शेवटी शेवटी तो लांबून दिसला की नर्सरीवाला पाइप उचलून दुसऱ्या टोकाला पाणी घालायला जाई. झुडपाला ज्यावर चढवून आकार द्यायचा, तो तारेचा सांगाडा मात्र कायम वाढवून बांधायचा. झाड आकसत नाही, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं. तो मान हलवायचा आणि चार बोटं वाढवायचाच. त्यामुळे त्याचा प्रत्येक हत्ती वर्षभर उशिरा हत्ती व्हायचा.

माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिने या धाकट्या भावाकडे म्हैस मागितली. बिद्रीजवळच्या माहेरी दोघं एकाच म्हशीमागे हिंडून मोठी झालेली. त्याने तिच्या खिडकीसमोर सांगाडा उभा केला, चार पायांशी चार कामिनी लावल्या. डॉक्टरांनी दीड-दोन वर्षांची मुदत दिली होती, ती त्याला ठाऊक होती. कधी झाडाची घाई न करणारा हा माणूस रोज सकाळी येऊन कोंब सुतळीने तारेवर चढवू लागला. म्हैस पोटापर्यंत हिरवी झाली. भेटायला येणाऱ्यांना बायको सांगायची, "निम्मी आलीया, निम्मी वाटंवर हाय." पाठ भरायच्या आत ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर तो सांगाड्याशी उभा राहिला. "दाजी, सवयीनं चार बोटं वाढवून धरली. न्हायतर आक्कानं पुरी बघितली असती."

तुझ्यामुळे काही झालं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तो हिशेब मीही मनात केला होता.

आता म्हैस शिंगांसकट भरली आहे. तो पंधरा दिवसांनी कात्री घेऊन येतो. कापून झालं की आम्ही पायरीवर बसतो. चहा होईपर्यंत ते वाक्य बोलून टाकू, असं मी दरवेळी ठरवतो. मग त्याच्यापुढे कप ठेवतो आणि साखर पुरे का, एवढंच विचारतो.