घाटावरचे दोन परदेशी

देवावर माझा राग होता, आणि तो मी कधी लपवला नाही. लातुरात पाण्यासाठी पत्रकं वाटायची, मोर्चे काढायचे, हाच माझा धर्म. त्यात म्हातारपणी आईची स्मरणशक्ती पुसत चाललेली. देवाला बोल लावण्याशिवाय माझ्या हाती काय होतं? वडील असताना ती दोघं नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जायची, म्हणून तिच्या हट्टापायी मीही तिला घेऊन गेले. जोडे ठेवून वळते, तर आई नाही!

पोलीस चौकीवरचा माणूस म्हणाला, "बसा हो ताई, म्हातारी मान्सं सापडतेत."

"तुमची आई असती तर बसला असता का?" असं सुनावून मी निघाले. गल्ल्या पालथ्या घातल्या. ऊन चढलं. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय आई घास घेत नसे, आणि सकाळी मधुमेहाची गोळी तेवढी घेतलेली. चक्कर येऊन पडली तर? गोदावरीच्या घाटावर येऊन मी मटकन बसले आणि म्हणाले, "माझ्यानं होईना. आता तूच बघ." कुणाला म्हणाले, ते तेव्हा कळलं नाही.

खालच्या पायऱ्यांवरून हसू ऐकू आलं. आईचंच. तिच्या दोन्ही बाजूंना दोन परके. एक कॅनडातून आलेल्या शीख आजी, दुसरा पुण्यात शिकणारा येमेनचा पोरगा. दोघांनी नांदेड पहिल्यांदाच पाहिलेलं. सकाळी एकाच रिक्षावरून भांडले, तेव्हापासून सोबतच हिंडत होते, रस्ता मात्र आजीच ठरवणार.

मी येण्याआधीचं मग त्यांच्याकडूनच कळलं: आई त्यांच्यापुढं डावा तळहात पसरून उभी राहिली होती. आजींना वाटलं, भूक लागली. त्यांनी द्रोणातला प्रसाद पुढं केला, तर आईनं हात मागं घेतला आणि पुन्हा डावाच पसरला. आजी वैतागल्या. तेव्हा पोरगा म्हणाला, "माँजी, खाना कोई उल्टे हाथ से नहीं माँगता. इनको कुछ और चाहिए." त्याच्या घरची रीत एवढीच त्याला ठाऊक. अंदाजानं त्यानं बाटलीतलं पाणी तळहातावर ओतलं. आईनं लगेच गळ्यातलं लिंग काढून त्या हातावर ठेवलं. तो पाणी घालत राहिला. पूजा झाली, मग प्रसाद उजव्या हातानं खाल्ला.

मला बघून आई म्हणाली, "कुठं हिंडायलीस गं? बघ, या अक्काचं लेकरू लई गुणाचं हाय."

अर्थ कळताच आजी खदखदल्या. "सुन पुत्तर, अब तू मेरा हो गया!"

"तो फिर अगला रास्ता मैं चुनूँगा, माँजी."

मी त्यांच्या पाया पडले. नंबर घ्यायचंही सुचलं नाही.

आई आता नाही. याला चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. आणि वाद घालणं तर माझा रोजचा उद्योग! लढायचं तिथं मी आजही लढते. पण आपलं बळ संपलं म्हणजे सगळं संपत नाही, हे त्या दिवशी उमगलं. परतीच्या बसमध्ये आई माझ्या खांद्यावर निर्धास्त झोपली होती. तेवढं निर्धास्त मला अजून होता येत नाही. शिकते आहे.